वाळवंटातलं झाड

"वाळलं ना रे हे, लटारू?" रेंजर गुणवंतराव रोपापाशी उकिडवे बसले. पंज्याएवढी पानं करपून देठाशी लोंबत होती.

"पानी नाई देल्लं साहेब. तुमीच सांगतलं होतं."

खरं होतं ते. मागल्या वर्षी, पंचावन्न साली, कुण्या पाहुण्या साहेबानं परदेशातल्या वाळवंटातल्या झाडाचं चिमूटभर बी आणून दिलं होतं. सायकमोर त्याचं नाव. नागभीडजवळच्या त्या नर्सरीत लटारू माळी होता आणि त्याची बायको सुगंधा रोजीवर. बी तिनंच पेरलं. उगवलं एकच. पोटुशी होती, तरी सकाळी आल्या आल्या आधी त्याच्यापाशी जायची. "सासुरवाशीण हाय बिचारी. लय दुरून आली," म्हणून हसायची.

सुगंधा बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. मग आपलं म्हणावं असं लटारूला एवढं रोपच उरलं. उन्हाळ्यात पानं मलूल झाली तेव्हा झारी भरून तो कितीदा त्याच्यापुढं उभा राहिला असेल. पण वाळवंटातलं झाड, पाण्यानं कुजेल, असं गुणवंतरावांनी बजावलेलं. जाणत्या माणसाचा शब्द! बिचारा तसाच मागं फिरायचा.

गुणवंतरावांनी टोपी काढली. "माझंच चुकलं लटारू. काल चांद्याला मोठ्या साहेबांनी सांगितलं. वाळवंटातलं खरं, पण ते तिथल्या ओढ्याकाठी वाढतं. मुळाशी पाणी लागतंच त्याला."

"मंग पानी देल्लं असतं तं जगलं असतं?"

"जगलं असतं."

लटारू बघतच राहिला. समोर त्याला साहेब दिसेनात. तापानं फणफणलेली सुगंधा दिसायला लागली. तिचे ओठ फुटले होते. "घोटभर पानी द्या ना जी," एवढंच ती म्हणत होती. लटारू गडवाभर पाणी घेऊन दारात उभा, आणि सुईण गुणाबाई आडवी आलेली.

"बाळंतिणीले पानी? मारतं का तिले? आमी का बिनपान्याच्या नाई वाचलो?"

गुणाबाईच्या हातावर निम्मं गाव जन्मलेलं. तिला कोण खोटं म्हणणार? त्यानं गडवा खाली ठेवला. सकाळी सुगंधा नव्हती आणि गडवा तसाच भरलेला होता.

"साहेब," त्यानं विचारलं, "गुणाबाईबी चुकली असन का?"

"कोण गुणाबाई?"

लटारूनं विहिरीवर झारी भरली, रोपाला वळसा घालून तो नाल्यापलीकडं गेला. बाळंतीण म्हणून सुगंधाला जाळलं नव्हतं, तिथं पुरलं होतं. भेगाळलेल्या जमिनीवर त्यानं झारी हळूहळू रिती केली. पाणी पडलं तसं जिरलं.

"थांब, आनतो अजून," तो म्हणाला, आणि पुन्हा विहिरीकडं निघाला.