जास्तीची नावं

त्या काळी सेन्दाईच्या विद्यापीठातलं मुख्य मशीन फ्रीजएवढं होतं आणि वर्षअखेरच्या साफसफाईत तेही ओल्या फडक्याने पुसून निघे. त्या डिसेंबरात विभागप्रमुख ओनोदेरासाहेबांनी ठरवलं, की सफाई आतूनही व्हायला हवी. मुख्य पासवर्ड त्यांना पदाबरोबरच मिळाला होता.

मशीन सांभाळणाऱ्या हात्सुए कुमागाई कपाटांवरची धूळ झटकत होत्या, तेवढ्यात साहेब डोक्याला रुमाल बांधून कीबोर्डपाशी बसले. सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या सामायिक फायलींच्या, म्हणजे लायब्ररीच्या, कप्प्यात त्यांना एकाच फाइलची तीन नावं दिसली. खरी फाइल एकच, बाकीचे दोन तिच्याकडे बोट दाखवणारे दुवे. एका माणसाला तीन व्हिजिटिंग कार्डं कशाला, असं पुटपुटत त्यांनी दोन्ही दुवे पुसले.

पुढची आज्ञा मशीनने ऐकली नाही. तिच्या पुढचीही नाही. कुमागाईबाई फडकं टाकून पडद्यापाशी आल्या. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना त्यातल्या एका दुव्यावरूनच लायब्ररीपर्यंत पोहोचत असे. लायब्ररी जागेवर होती, तिचा पत्ता तेवढा गेला होता.

साहेबांनी सुचवलं, की बंद करून पुन्हा चालू करू या, घरचा टीव्ही तसाच सुधारतो.

"नको साहेब. आत साकुमाचं गणित चाललंय. एकोणीस दिवस झाले."

साकुमा भूकंपलहरींवर प्रबंध लिहीत होता आणि तो जानेवारीत द्यायचा होता. त्याचा प्रोग्राम दुवा असतानाच सुरू झालेला, म्हणून अजून तग धरून होता. मशीन बंद केलं असतं तर ते एकोणीस दिवस वाया, आणि मशीन पुन्हा उठलंच नसतं.

"मग दुवा परत जोडा की. किती वेळ लागतो त्याला?"

"एक ओळ. पण दुवा जोडणाऱ्या प्रोग्रामलाही तोच दुवा लागतो."

साहेबांनी रुमाल सोडला.

पडद्यावरची उघडी खिडकी बंद करू नका, नव्याने आत शिरता येणार नाही, एवढं बजावून बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या. फायलींची यादी दाखवणारी आज्ञाही गेली होती. तेव्हा आधीपासून चालू असलेल्या, आज्ञा वाचणाऱ्या शेल नावाच्या प्रोग्रामकडूनच त्यांनी नावं वदवून घेतली. एका कोपऱ्यात दुवे जोडणारा दुसरा, जाडजूड प्रोग्राम सापडला. हा सगळं सामान स्वतःच्याच पोटात बाळगणारा, कुणाच्या दारात न जाणारा. अकरा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. बाईंनी ओळ लिहिली, तीनदा वाचली आणि कळ दाबली.

मग पुन्हा फायलींची यादी मागितली, ती उमटली. साकुमाचं गणित आपल्याच नादात चाललं होतं.

"मला वाटलं, जास्तीची नावं आहेत," साहेब हळूच म्हणाले.

"लायब्ररी नवी आली की खरं नाव बदलतं, साहेब. मग दुव्याचं टोक तेवढं फिरवायचं. म्हणून ठेवलेत ते."

जानेवारीत गणित ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच संपलं. साकुमा मिठाईचा डबा घेऊन आला आणि साहेबांसमोर कमरेत वाकला. साहेबांनी स्वतः मशीन आतून साफ केलं म्हणूनच ते इतकं भराभर चाललं, असं त्याच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणत होते.

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी पडद्याकडे.

"छे, फार काही नाही केलं," साहेब म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी डबा उघडला आणि सगळ्यांना एकेक मिठाई वाटली. बाईंपुढे मात्र दोन ठेवल्या.

बाईंनी दोन्ही खाल्ल्या.