एकाच नंबरची दोन माणसं

नारायणगुड्यातल्या वैशालीच्या साडीच्या दुकानात संक्रांतीचं हळदीकुंकू दणक्यात व्हायचं. विधवा बायकांनाही बोलवायचं आणि त्यांनाही कुंकू लावायचं, हा तिचा हट्ट. मराठी मंडळाच्या सभेत यावर तिने भाषण ठोकलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या, आणि टाळ्या तिला आवडतात, हे सांगून टाकलेलं बरं.

गेल्या वर्षी तिने गिऱ्हाइकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. नाव, नंबर, कुणाला कुठला रंग आवडतो, सगळं त्यात. बोलावणी, निरोपही तेच धाडणार. माहिती भरताना त्याने मध्येच विचारलं, हणमंतराव आणि इंदुताई यांचा नंबर एकच आहे, नोंदी एकत्र करू का? नल्लकुंट्यातल्या त्या नवराबायकोच्या घरात मोबाइल एकच होता, हणमंतरावांच्या खिशातला. साडी इंदुताई निवडायच्या, फोन ते करायचे. वैशालीने बिनदिक्कत 'हो' दाबलं. नोंदीवर नाव राहिलं हणमंतरावांचं.

दिवाळीनंतर हणमंतराव गेले. वैशाली भेटून आली, घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या नोंदीवर 'निधन' अशी खूण केली. गेलेल्या माणसाच्या नावाने सेलचे मेसेज जाऊ नयेत, म्हणून. हे आपल्याला सुचलं याचं तिला तेव्हा कौतुकच वाटलं.

संक्रांतीला इंदुताई आल्या नाहीत. दरवर्षी तिळगूळ त्याच वाटायच्या. यंदा दुसऱ्या कुणीतरी वाटला.

त्या आल्या त्या थेट वैशाखात, भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला. एरवी गादीवर ऐसपैस मांडी घालणारी ही बाई दाराजवळच्या स्टुलावर टेकली.

"आत या ना, इंदुताई. गादीवर बसा."

"नक्को. लग्नाच्या साड्या बघायला पोरी येतात. मी हितंच बरी."

साडी ठरली. बिलासाठी वैशालीने नंबर टाकला. स्क्रीनवर आलं, 'हणमंतराव. निधन. संपर्क करू नये.' तिने इंदुताईंचं नाव शोधलं. पुन्हा शोधलं. कुठेच नव्हतं.

तिचे कान तापले. म्हणजे संक्रांतीचं बोलावणं यांना गेलंच नव्हतं.

"ताई, हळदीकुंकवाचा निरोप... तुम्हाला आला नाही?"

"नाही आला. मला वाटलं, सभेत बोलायचं वेगळं अन् करायचं वेगळं. दुनिया अशीच आहे. तुझ्यावर कायकू रुसू?"

इंदुताई हे इतक्या सहज बोलल्या की वैशालीला मान वर करवेना. मग तिने घाईघाईने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि सगळं समजावलं. नंबर एक, म्हणून नोंद एक, आणि त्या नोंदीवर ती खूण. "मशीनची चूक झाली हो. शपथेवर सांगते, माझ्या मनात तसं काही नव्हतं." गुन्हेगार सापडल्यामुळे तिचा आवाज जरा सैलावला होता.

इंदुताई नवऱ्याच्या नावाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे यांच्यासंगं मीपण गेले."

वैशालीने स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवला.

"मी त्या दिवशी दिसले नाही, हे कळलं होतं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. गर्दी होती, गडबड होती. पण ती बाई समोर बसली होती.

"कळलं होतं."

"मंग?"

मग काय? तिळगुळाच्या ताटापाशी त्यांची जागा रिकामी दिसली, तेव्हा वैशालीच्या मनात आलं होतं, नाही आल्या तेच बरं. अजून तीन महिनेही झाले नाहीत, नव्या सुना आल्यात, उगाच कुणाचा चेहरा पडायचा. तिला चक्क हायसं वाटलं होतं. आणि त्या हायसं वाटण्यात सॉफ्टवेअरचा काडीचाही हात नव्हता.

"मला बरं वाटलं होतं, ताई," ती म्हणाली. शरमेने तिला आपलाच आवाज ऐकवेना.

इंदुताईंनी पिशवी उचलली. वैशालीने घाईने नवी नोंद उघडली, 'इंदुताई' असं नाव टाकलं, नंबर टाकला. यंत्राने पुन्हा विचारलं, हा नंबर हणमंतरावांचा आहे, एकत्र करू का?

"नाही," ती मोठ्याने म्हणाली आणि बटण दाबलं. "आता पुढच्या संक्रांतीला निरोप तुमच्या नावाने येईल."

इंदुताई दारात थांबल्या.

"फोनवर नको धाडू. नल्लकुंटा काय लांब आहे? मी हवी असले, तर बोलवायला घरी ये."