कडेचं प्यादं

...ते प्यादं, हत्तीपुढचं, अगदी कडेचं, लाखेचा रंग उडालेलं — समोरच्यानं पहिल्याच चालीला तेच एक घर पुढं सरकवलं, तेव्हा धोंडप्पाला हसूच आलं. असली वाया जाणारी चाल उभ्या मुलखात एकच माणूस खेळायचा, मुरुम गावातला त्याचा शेजारी कल्याणप्पा. आधी दार उघडावं गड्या, मग भांडावं, म्हणायचा, आणि धोंडप्पा दर डावाला त्याची टर उडवायचा.

रझाकारांच्या दिवसांत कल्याणप्पा हद्द ओलांडून सोलापूरकडं गेला. निजामाचं राज्य गेलं, गेलेली माणसं परत आली, आपापली कुलपं काढून घरात शिरली... कल्याणप्पाचं कुलूप तसंच. जिवंत आहे का, एवढं तरी कुणी सांगावं!

समोरचा बसवराज अक्कलकोटकडचा मास्तर, नळदुर्गच्या जत्रेतल्या या सामन्यात आजच भेटलेला. प्यादं सहजही सरकलं असेल... पण चौथ्या चालीला त्यानं राजाची घोडउडी घेतली — घोड्यासारखी अडीच घरांची, देशी खेळात राजाला एकदाच मिळते ती, शहाणी माणसं अडचणीसाठी राखून ठेवतात — आणि राजाला कोपऱ्याजवळ बसवून त्याच्या डोक्यावर जरासं बोट टेकवलं. खेळ हा कल्याणप्पाचाच. बोट टेकवणंसुद्धा त्याचंच.

कुणी शिकवलं हो तुम्हाला? कधी? — पण डाव चालू असताना ‘शह’ सोडून शब्द काढायचा न्हाय, असं पंचांनी बजावलेलं. मग लवकर मात करावी आणि विचारावं, म्हणून धोंडप्पा कधी नव्हे तो तुटून पडला, आणि दुपार कलता कलता मात दोन चालींवर आली.

आणि हात उचलेना. विचारलं, आणि हा म्हणाला, ते तर गेले, तर?... डाव आहे तोवर कल्याणप्पा आहे. अरे, मी इतका भित्रा कधीपासून झालो? किती आठवण येते रे तुझी, लबाडा.

“तुमची चाल, आप्पा,” पंच म्हणाले.

वजिराकडं गेलेला हात धोंडप्पानं मागं घेतला, आणि आपलं कडेचं प्यादं, कल्याणप्पाला उत्तर म्हणून जे त्यानं जन्मात कधी हलवलं नव्हतं, ते एक घर पुढं सरकवलं. मागं कुणीतरी कपाळावर हात मारला. बसवराजनं पहिल्यांदाच मान वर केली आणि त्याच्याकडं बघत राहिला.

उघडलं बघ, गड्या. आता डाव संपला की विचारतोच, हा काय सांगायचं ते सांगो... दार लावून बसणं तेवढं माझ्यानं व्हायचं न्हाय.