न गळणारा डबा

मी एक जुना तेलाचा डबा आहे. जव्हारच्या बाजारातल्या भजीवाल्याने माझ्यातले तेल संपवले आणि साखरशेतच्या गौराबाई मला घरी घेऊन आल्या. मित्रांनो, तेव्हापासून मी पाणी वाहिले, नाचणी सांभाळली, पागोळ्यांखाली उभा राहिलो, पण कधी गळलो नाही. "या डब्याचा थेंब गळायचा नाय," असे गौराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी फुशारून जात असे. आता ते कौतुक आठवले की लाज वाटते.

यंदा त्यांची सून पुष्पा मोखाड्याहून भोपळ्याचे बी घेऊन आली. तिची आई नुकतीच वारली होती. आईच्या वेलाला एवढाले भोपळे लागत, की काठीला बांधून दोघांनी उचलावे लागत. त्याचे मूठभर बी उरले होते. कोंबड्या उकरतील म्हणून रोप आधी घरात करायचे ठरले आणि गौराबाईंनी मलाच पुढे केले. "यो डबा घे, पानी वाया जायचा नाय."

पुष्पाने माझ्यात माती भरली, बी टोचले आणि मला कुडाच्या गार सावलीत ठेवले. कोंब दिसेना, तशी ती जास्तच पाणी घालू लागली. मी सवयीप्रमाणे सगळे धरून ठेवले. तळाशी चिखल साचला. बियांना ऊब नाही, हवा नाही. एकेक बी मऊ पडत गेले. मला कळत होते, पण सांगणार कसे?

शेजारची गोदा गौराबाईंना म्हणाली, "हिच्या हाताला गुण नाय गो. भाताचा बी हिला नको टाकू देऊ." पुष्पा माझ्यापाशी बसून रडली. दोष माझा आणि बोल तिला!

झाडलोट करताना गौराबाईंनी मला कलते केले, तेव्हा कुजका वास सुटला. त्यांनी माती उकरली. बी बोटांत चिरडले. त्यांचा चेहरा उतरला.

"पुष्पा, तुझ्या हाताला गुण हाय. डबा मीच दिला ना!"

त्यांनी खिळा आणि दगड घेऊन माझ्या बुडाला भोके पाडली. दुखले खूप, पण मी ते मुकाट सोसले.

वरच्या मातीत राहिलेले एकच बी टणक होते. पुष्पाने त्याची कड दगडावर जराशी घासली, ते कोमट पाण्यात भिजवले, नव्या मातीत भाताचे तूस मिसळून त्यात लावले आणि मला चुलीजवळ ठेवले. माती सुकली तरच ती पाणी शिंपडे. अखेर माती उचलली गेली आणि वाकडा कोंब वर आला. पेरणीला भाताची पहिली मूठ गौराबाईंनी पुष्पालाच टाकायला लावली.

मित्रांनो, बी उगवले नाही तर कोणाच्या हाताला नावे ठेवू नका. आधी डबा कलता करून बघा. मला आता सगळे 'गळका' म्हणतात. म्हणू देत. मी आधीच गळलो असतो, तर पुष्पाच्या आईचे सगळे बी वाचले असते.