महाराणीच्या मागे

टिल्लीने सेफ्टी पिन दातांत धरली आणि छातीवरचा नंबर पुन्हा सरळ केला. तो सरळच होता. पण मान खाली असली की महाराणीकडे बघावं लागत नव्हतं.

महाराणी म्हणजे तिच्याच वयाची, तिच्याच आजाराची मुलगी. दोघींच्याही आतड्यांना कायमची सूज. दोघींनाही दर दोन महिन्यांनी त्याच हॉस्पिटलात, त्याच खोलीत औषधाची बाटली चढवून घ्यायला लागायची. हे नाव टिल्लीनेच ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. कारण त्या खोलीच्या भिंतीवर महाराणीचा मेडल घातलेला फोटो होता आणि सुई टोचता टोचता सिस्टर न चुकता म्हणायच्या, "बघ जरा तिच्याकडे. प्रेरणा घे."

प्रेरणा! टिल्लीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बाकीचं जग पुढे गेलं तर जाऊ दे, त्यांची पोटं धड होती. पण आजारातसुद्धा कुणीतरी आपल्या वर नंबर काढावा? शेवटी एकदा बाटली संपवून ती घरी आली, कपाटाच्या तळातून बूट ओढून काढले आणि पळत सुटली. आधी पेट्रोल पंपावरच्या संडासापर्यंत, मग वाचनालयातल्या संडासापर्यंत, मग त्याच्याही पुढे. पोरीने मनावर घेतलंय, असं सगळे कौतुकाने म्हणाले. घेतलं होतंच. नक्की काय, ते तेवढं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आज पाच किलोमीटर. ते पूर्ण करायचे, हे आईचं म्हणणं. महाराणीच्या आधी करायचे, हे टिल्लीचं.

"पोट काय म्हणतंय?" आईने हळूच विचारलं.

"झोपलंय. तू हाका मारून उठवू नकोस."

शिट्टी झाली. महाराणीची लांब वेणी पुढे डावी-उजवी, डावी-उजवी हलत राहिली आणि टिल्ली त्या वेणीच्या मागे पळत राहिली. श्वास फुलला, पोटऱ्या भरून आल्या, पण वेणी काही जवळ येईना. काय खाते काय ही! आपल्यासारखाच कालपासून उकडलेला बटाटा ना?

बागेच्या वळणावर वेणी एकदम थांबली.

महाराणीने तळहात बेंबीखाली सपाट दाबला होता, हट्टी बाळाला 'थांब रे थांब' म्हणावं तसा. बाकीचे तिला वळसा घालून निघून गेले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. टिल्लीला कळलं. रस्त्याकडेला प्लास्टिकचे तात्पुरते संडास उभे केले होते. त्यांच्याकडे वळता वळता महाराणीने मागे बघितलं. दोघींची नजरानजर झाली.

टिल्लीचा वेग कमी झाला. थांबावं का? नंतर दोघींनी हातात हात घालून पोचावं? सिस्टरांच्या डोळ्यांत पाणीच येईल.

मग संडासाची कडी आतून लागल्याचा आवाज आला आणि टिल्ली जी सुटली, ती जीव खाऊन सुटली. मध्येच पोटात गुरगुरलं. "गप," ती त्याला मोठ्याने म्हणाली. शेजारून पळणारे काका दचकून बाजूला झाले.

तिने रेषा ओलांडली. आईने मिठी मारली, गळ्यात मेडल पडलं. टिल्ली मात्र रस्त्याकडेच बघत होती. फार वेळाने वेणी दिसली आणि तेवढ्यात माईकवाला ओरडला, "ही बघा आपली जिद्दी मुलगी! जोरदार टाळ्या!"

लोक उठून उभे राहिले. हिच्या आधी आले मी, टाळ्या हिला! टिल्लीने हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण करकचून आवळलं.

कमरेला जॅकेट गुंडाळलेली महाराणी आत आली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. "किती धीराची गं! बसतेस का बाळा?" ती सगळ्यांकडे बघून हसली, फोटोतल्यासारखीच. मग सगळ्यांना बाजूला सारत सरळ टिल्लीसमोर येऊन उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

"तू बघितलंस मला."

"हो."

"आणि थांबली नाहीस."

"नाही."

"तुला वाटेत कुठे जावं लागलं?"

"नाही लागलं."

महाराणीचे ओठ घट्ट मिटले. टिल्लीच्या गळ्यातल्या मेडलकडे ती बघत राहिली. तिच्या स्वतःच्या गळ्यातही अगदी तसंच होतं. ती नजर टिल्लीच्या चांगली ओळखीची होती. बाटलीच्या खोलीत तिने स्वतः ती कितीदा भिंतीवर रोखली होती.

"पुढची शर्यत कधी आहे?"

"अजून नाही बघितलं."

"बघ. मला पण सांग." आणि ती पाय आपटत निघून गेली.

आई लगबगीने जवळ आली. "काय म्हणत होती गं ती बिचारी?"

"बिचारी काय, आई?" टिल्ली फणकारली. "हरली म्हणून चिडलीये ती."