चुकलेली पाळी

सकाळचा उजेड त्या घरात कधी घाईने येत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या काचांवर रेंगाळे, तिथून उसना होऊन स्वयंपाकघराच्या जाळीवर उतरे, ओट्यावरच्या पालथ्या पातेल्यांना एकेक करून ओळख दाखवी आणि मग संकोची पाहुण्यासारखा मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी घुटमळे. त्या खोलीत वडिलांची खाट होती. खाटेच्या कडेला, रात्रपाळीहून आलेली, कारखान्याचा निळा अंगरखा अजून न उतरवलेली त्याची बायको सासऱ्यांच्या ओठांशी दुधाचा चमचा धरून बसली होती. उजेड तिच्या गळ्याच्या हाडाशी आला आणि त्याला तिथे विसावायला खळगा सापडला.

तिचा नवरा दारातून पाहत होता. त्याला ते दृश्य सुंदर वाटले, आणि तो तेवढ्यावरच थांबला.

तो वैतागला होता. तिची पाळी लांबली होती, घरी केलेल्या चाचणीत दिवस गेल्याचे दिसत नव्हते, आणि कारण कोणीच धड सांगत नव्हते. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या ताईकडे मात्र कारणांचा तोटा नव्हता.

"थायरॉईड असणार. नाहीतर अंडाशयात गाठी," वडिलांपाशी थांबायला आलेली ताई चप्पल काढता काढता म्हणाली.

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"तुझ्यासारखा भाऊ पदरी पडल्यावर माणसाला सगळंच व्हावं लागतं."

दवाखान्यात बायको भिंतीला डोके टेकून बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "याआधी पाळी कधी चुकली होती?"

"एकदाही नाही," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "ताप होता तेव्हासुद्धा गेले. मुकादमाला विचारा."

बाईंचे पेन थांबले. "अहो, मी महिन्याच्या पाळीचं विचारतेय."

"ती होय. मला वाटलं कारखान्याची."

दोघी हसल्या. त्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कारखान्याचीही सांगा. बदलते?"

"दर आठवड्याला."

"झोप?"

"दुपारी पडते जराशी. पण बाबांना कूस बदलून द्यावी लागते, मग उठते."

"वजन उतरलंय तुमचं. दुपारी घरी दुसरं कोण असतं?"

प्रश्न तिला होता. उत्तर त्याने दिले. "माझं खुर्च्या मढवायचं दुकान आहे. गिऱ्हाईक सोडून येता येत नाही."

बाईंनी मान हलवली. रक्त तपासू, थायरॉईड पाहू, गरज वाटली तर सोनोग्राफी करू, आठवड्याने चाचणी पुन्हा करा, म्हणाल्या. उतरलेले वजन, मोडलेली झोप, बदलत्या पाळ्या, मनावरचा ताण, यांनीही पाळी लांबते.

"पण नेमकं एक कारण सांगा ना," तो चिडून म्हणाला.

"नेहमी एकच असतं असं नाही हो. आणि झोप औषधाच्या दुकानात मिळत नाही."

परतताना तो वाटभर धुसफुसत राहिला. हातचे राखून बोलतात, डॉक्टर बदलायला हवा, ताईचे तोंड बंद करायला हवे. ती ऐकत चालली होती. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आपलं काय ठरलं होतं, आठवतं?"

"आता ते मध्येच कुठे?"

"सहज विचारलं. एक दिवस तू, एक दिवस मी."

त्याला आठवत होते. पहिल्या आठवड्यात एका हॉलच्या खुर्च्यांचे काम आले, पुढे त्याचीच पाठ आखडली, आणि मग तिने हाक मारणे सोडले. हाक येत नाही म्हणजे अडत नाही, असे त्याने स्वतःला किती गोड शब्दांत पटवले होते.

दार उघडताच ताई आतून म्हणाली, "बाबांची चादर ओली झालीय. एकटीला उचलवत नाहीत. कोणाची पाळी आहे रे आज?"

बायकोने सवयीने बाह्या वर सारल्या आणि चप्पल न काढताच ती मधल्या खोलीकडे वळली.

"थांब," तो म्हणाला. "तू झोप."

ती थबकली, पण बाह्या खाली केल्या नाहीत. तिचा विश्वास बसला नसावा. त्याचाही बसत नव्हता. त्याने कपाटातून कोरडी चादर काढली. वडिलांचा कोणता खांदा आधी उचलायचा, हे त्याला ठाऊक नव्हते.

पाळी त्याची होती. तिची चुकण्याच्या कितीतरी आधी त्याची चुकली होती.