गुरुवारची बाटली

मी गुरुवारची बाटली बोलतेय. सोमवार ते रविवार अशा आम्ही सात बहिणी, पोशीर गावातल्या एका स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या खालच्या फळीवर लाकडी खाचांत उभ्या असायचो. दिसायला काचेच्या, अंगानं जाड प्लास्टिकच्या. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिला उजेड पाहिला तो छायाने खोकं फोडलं तेव्हा.

छाया कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये कॉफीच्या मशीनवर काम करते. दिवसभर दुसऱ्यांना कॉफी पाजायची, पण सकाळी निघण्याआधी एक कप स्वतःसाठी, तोही मनासारखा, हा तिचा हट्ट. सकाळच्या घाईत वजन करत बसणं जमायचं नाही. म्हणून रविवारी ती छोटा डिजिटल काटा घेऊन बसायची आणि भाजलेल्या बिया आमच्यात भरायची. प्रत्येकीत पंधरा ग्रॅम. आकडा जरा खाली दिसला की एक दाणा टाकायची, वर दिसला की एक काढायची. मग हवा लागू नये म्हणून झाकण दाबून बसवायची. त्या त्या दिवशी ती ती बाटली ग्राइंडरमध्ये रिकामी करायची, की झालं.

"औषध मोजतीस का कॉफी, गं?" तिची सासू विमलबाई हसायची. पण छायाला नोकरीला पाठवलं होतं ते विमलबाईनेच. घरात कुरकुर झाली तेव्हा ती ठामपणे म्हणाली होती, "पोर मी सांभाळते. तू बिनघोर जा."

पोर म्हणजे ऋतिका, दीड वर्षाची.

त्या सोमवारी दुपारी विमलबाई बोंबील साफ करत होती आणि ऋतिका रडून घर डोक्यावर घेत होती. विमलबाईने हात पुसले, हाताला लागली ती बाटली उचलली आणि पोरीपुढे वाजवली. ती बाटली मी होते. ऋतिका खुदकन हसली. विमलबाईने मला तिच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली.

पोरीने दातांनी माझं झाकण उपटलं. दाणे फरशीवर सांडले. आणि मग एक ठसका आला, पाठोपाठ दुसरा. तिचं तोंड लालबुंद झालं, डोळे पांढरे व्हायला लागले. विमलबाई धावली. पोरीला उपडं धरून पाठीवर थापट्या मारल्या. तोंडातून एक दाणा बाहेर पडला. ऋतिकाने श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.

"सुटली बाय माझी," म्हणत विमलबाईने पोरीला उराशी धरलं. मग तिने तो दाणा पुसला, सांडलेले दाणे वेचले, माझ्यात भरले, झाकण दाबलं आणि मला माझ्या खाचेत उभं केलं. संध्याकाळी छाया आली, तेव्हा विमलबाईने तिला यातलं काहीच सांगितलं नाही.

मी मात्र आतून हलकी झाले होते. किती, ते मला नेमकं माहीत होतं.

मंगळवारी ऋतिकाला खोकला लागला. नेरळच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे फोटो काढला. त्यात काही दिसलं नाही. साथीचा खोकला म्हणून औषध मिळालं. बुधवारी ताप चढला, श्वासाबरोबर छातीत शिट्टी वाजायला लागली. छायाने रजा टाकली. कॉफीला तिने हात लावला नाही, त्यामुळे माझ्याआधीची बुधवारची बाटली तशीच भरलेली राहिली. माझी पाळी लांबली. मला वाचा असती तर मी ओरडले असते. मी नुसती उभी होते आणि आतल्या खोलीतली ती शिट्टी ऐकत होते.

गुरुवारी सकाळी छाया ओट्यापाशी आली. दोन रात्रींच्या जागरणाने तिचे डोळे सुजले होते. तिचा हात फळीकडे आला आणि बुधवारच्या बाटलीवर थांबला.

"छाया," मागून विमलबाईचा आवाज आला. "ती नको. ही घे." तिने मला उचलून पुढे केलं. "तुज्या त्या काट्यावर ठेव ही. किती भरतंय बघ."

"आत्ता? कशाला, आई?"

"बघ गं!"

छायाने माझ्यातले दाणे वाटीत ओतून काट्यावर ठेवले. दाण्यांबरोबर फरशीवरची धूळ आणि एक पांढरा केस आला. आकडा दिसला: चौदा पॉइंट सात.

छायाने सासूकडे पाहिलं. विमलबाईने भिंत धरली आणि सगळं सांगितलं. "एक दाना भायेर आला, मला वाटलं सुटली. मला मोजता येत नाय गं, पन तुला येतंय."

छाया किंचाळली नाही. ती फरशीवर पालथी झाली. ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे, उंबऱ्याच्या फटीत बॅटरी मारून पाहिलं. फटीत एक दाणा सापडला. वाटीत टाकला: चौदा पॉइंट नऊ. पुन्हा घर झाडलं, दुसरा मिळेना. तिने बुधवारच्या बाटलीतला एक दाणा काढून वाटीत टाकला.

पंधरा.

"सदू!" तिने नवऱ्याला हाक मारली. "टेंपो काढ!"

माझ्यात ते दाणे ओतून तिने मला पर्समध्ये कोंबलं. नेरळला डॉक्टर म्हणाले, "अहो, एवढ्याशा फरकावरून काय सांगणार?"

"डॉक्टर, मी रोज मोजते. एक दाणा घरात नाही. बी फोटोत दिसते का?"

"नाही दिसत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ऋतिकाच्या पाठीवर नळी लावली, डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. "उजवीकडे हवा कमी जातेय," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहितानाच त्यांनी पनवेलच्या हॉस्पिटलला फोन लावला.

टेंपो तसाच पनवेलला निघाला. विमलबाई मागे सामानाच्या जागेत एकटी बसली होती.

हॉस्पिटलात श्वासनळीत दुर्बीण घालून दाणा काढला. आतल्या ओलाव्याने फुगून मऊ झाला होता. "तुकडे झाले असते तर कठीण होतं," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. ऋतिका तिसऱ्या दिवशी घरी आली.

आज मी कपाटाच्या माथ्यावर, कुलूपवाल्या डब्यात बहिणींबरोबर असते. धुतल्यावर माझ्यात पुन्हा पंधरा ग्रॅम भरले, पण गुरुवारी मला हातात घेताना छाया क्षणभर थांबते. आमच्यासारख्या बाटल्या तुमच्या घरात असतील तर उंचावर ठेवा, एवढंच मी मागते. बाकीचं मागणं माझं नाही. ते छायाने मागितलं.

पंधरा दिवस ती सासूशी कामापुरतंच बोलत होती. सोळाव्या दिवशी तिला कामावर जायचं होतं. विमलबाई पडवीत हात मागे बांधून उभी राहिली.

"मी नाय धरत तिला. तू दुसरी बाई बघ."

छायाने ऋतिकाला तिच्या कडेवर दिलं. विमलबाईला हात पुढे करावेच लागले.

"काय झालं तर मला फोन करा," छाया म्हणाली. "लगेच. मी रागावेन, आई. खूप रागावेन. तरी सांगायचं."

"सांगन," विमलबाई म्हणाली आणि पोरीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.